नव्या जन्माची तारीख

"म्हातारा झालेला माणूस पुन्हा जन्माला कसा येणार? आईच्या पोटात परत शिरणार आहे का तो?"

हा प्रश्न निकदेमाचा. निकदेम काही अडाणी नव्हता. धर्मशास्त्र कोळून प्यायलेला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, यहुदी धर्मसभेचा सभासद, लोक ज्याला गुरुजी म्हणून मान देत असा माणूस. एका रात्री तो येशूकडे आला, आणि येशूने त्याला सांगितलं की नव्याने जन्म झाल्यावाचून देवाचं राज्य कुणालाच दिसत नाही. तेव्हा त्याने हा प्रश्न विचारला. येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं बायबलमध्ये आहेत; त्यांतल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात हा संवाद आहे.

दोन हजार वर्षांनी तोच प्रश्न आमच्या शेजारच्या काकूंनी मला विचारला. चर्चच्या पत्रकावरची ओळ वाचून म्हणाल्या, "अगं, तुमच्यात पुनर्जन्म मानत नाहीत ना? मग हा नवा जन्म कसला?" मी तेव्हा घाईघाईत काहीतरी सांगून मोकळी झाले. पण काकूंचा प्रश्न रास्त होता, आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं.

मला स्वतःला या शब्दाचा एक जुना सल आहे. सोळाव्या वर्षी मी एका तरुणांच्या शिबिराला गेले होते. तिथल्या वक्त्यांनी सगळ्यांना रांगेने उभं करून विचारलं, "तुमचा नवा जन्म कोणत्या तारखेला झाला?" माझा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा पाण्याचा विधी, मी तान्ही असताना नगरला झालेला. येशूवर प्रेम नव्हतं असा दिवस मला आठवत नव्हता, आणि अमुक दिवशी सुरू झालं असंही सांगता येत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी एक तारीख ठोकून दिली. आजूबाजूला "आमेन" झालं. ती खोटी तारीख मला पुढे कित्येक वर्षं टोचत राहिली. या लेखाचं मूळ तिथेच आहे.

आधी काकूंचं उत्तर. पुनर्जन्म म्हणजे मृत्यूनंतर दुसरा देह, दुसरं घर, कदाचित दुसरी योनी. ख्रिस्ती नवा जन्म याच देहात, याच घरात होतो. सासूबाई त्याच राहतात, बँकेचं कर्जही तेच राहतं. बदलतं ते माणसाचं देवाशी असलेलं नातं. आणि त्या नात्याच्या बदलातून हळूहळू बाकीचं सगळं.

योहानाने मूळ ग्रीकमध्ये इथे जो शब्द वापरला आहे तो 'आनोथेन'. त्याचे दोन अर्थ होतात: 'पुन्हा' आणि 'वरून'. निकदेमाने पहिला अर्थ धरला आणि त्याला आईचं पोट आठवलं. येशूचा रोख दुसऱ्या अर्थावर होता: वरून, म्हणजे देवाकडून मिळालेला जन्म. पुढच्याच बोलण्यात अशी आणखी एक जोडी येते. 'न्यूमा' या ग्रीक शब्दाचा अर्थ वाराही होतो आणि आत्माही. वारा हवा तिकडे वाहतो, त्याचा आवाज कानावर येतो, पण तो कुठून आला आणि कुठे चालला हे कळत नाही. आत्म्यापासून जन्मलेल्याचं तसंच असतं, असं येशू म्हणतो. मराठीत आपल्याला वारा आणि आत्मा असे दोन वेगळे शब्द वापरावे लागतात, त्यामुळे त्या वाक्यातली झुळूक थोडी हरवते. त्या शिबिरात मला कुणी हे वाक्य वाचून दाखवलं असतं तर किती बरं झालं असतं. वाऱ्याला कोण तारीख विचारतं?

जन्माची उपमाच का, याचाही विचार करण्यासारखा आहे. स्वतःचा जन्म कुणी स्वतः घडवत नाही. बाळ जन्माला येतं तेव्हा वेणा आईला येतात. ख्रिस्ती विश्वासाचा गाभा तिथे आहे, आणि त्यालाच आम्ही 'कृपा' म्हणतो. पाडव्याला आपण संकल्प करतो, उद्यापासून चिडणार नाही, दारूला शिवणार नाही. संकल्प चांगलेच असतात. पण ख्रिस्ती विचार म्हणतो की अडचण एखाद्या सवयीपेक्षा खोल आहे. तराजूची दांडीच वाकलेली असेल तर वजनं कितीही घासून पुसून ठेवा, माप खोटंच येणार. माणसाचं मन स्वतःकडे वाकलेलं आहे, चांगलं करतानासुद्धा 'माझं नाव होईल का' हे ते हळूच बघतं. या वाकलेपणालाच ख्रिस्ती भाषेत पाप म्हणतात. चोरी, खोटेपणा, व्यभिचार ही त्याची फळं झाली. मुळाशी असलेली ती वाकडी दांडी आपली आपल्याला सरळ करता येत नाही, कारण सरळ करायला निघालेला हातही तिच्याकडेच जोडलेला असतो.

म्हणून शुभवर्तमानाचा दावा असा की देव स्वतः येशूमध्ये माणूस होऊन आला, आपलं मरण मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. जो त्याच्यावर विश्वास टाकतो तो त्याच्या मरणात आणि त्याच्या उठण्यात सामील होतो. 'विश्वास टाकणे' हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. आपला भार दुसऱ्यावर टाकायचा असतो, हे त्यातच आलं.

हे सामील होणं डोळ्यांना दिसावं म्हणून बाप्तिस्मा. येशूचा प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याला थेट पुरणं म्हणतो: पाण्यात जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालू लागणं. चौथ्या शतकातल्या यरुशलेममध्ये हा विधी कसा होत असे याचं वर्णन त्या काळच्या प्रवचनांतून आपल्यापर्यंत आलं आहे. बाप्तिस्मा घेणारे आधी पश्चिमेकडे, जिकडे सूर्य मावळतो तिकडे, तोंड करून उभे राहत आणि हात पुढे करून सैतानाला सांगत, आता तुझा माझा संबंध संपला. मग ते पूर्वेकडे वळत. जुने कपडे उतरवत, तीनदा पाण्यात जात. त्या प्रवचनात म्हटलं आहे की ते पाणी तुमची कबरही झालं आणि तुमची आईही.

हे वाचलं की आजचे कितीतरी वाद मला लहान वाटू लागतात. बाप्तिस्मा तान्हेपणी द्यावा की मोठेपणी, शिंपडून की बुडवून, यावर मंडळ्या फुटल्या आहेत. वसईतली कॅथलिक कुटुंबं आणि नगरकडच्या आमच्यासारखी जुनी प्रोटेस्टंट घरं लेकरांना आणतात. त्यांच्या मते कृपा आधी येते आणि समज मागाहून, जशी आईची माया बाळाला कळण्याआधीच सुरू झालेली असते. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या म्हणतात, ज्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला त्यालाच पाण्यात उतरवावं. दोघांच्याही म्हणण्यात सत्य आहे असं मला वाटतं. पण तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्याने तो पुढे कधीच स्वतःचा केला नाही, तर रजिस्टरातलं नाव तेवढं उरतं. कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्री मेणबत्त्या हातात घेऊन सगळी माणसं बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा उच्चारतात. दर वर्षी तोच प्रश्न, सैतानाचा त्याग करता का, आणि तेच उत्तर. एकदा झालेल्या गोष्टीला वर्षानुवर्षं नव्याने 'हो' म्हणायचं, हेच आध्यात्मिक नूतनीकरण.

आता पश्चात्तापाकडे येते. इथे आपल्या मराठी शब्दाने थोडी दिशाभूल होते. पश्चात्ताप म्हणजे पश्चात् होणारा ताप, घडून गेल्यावरची जळजळ. नव्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागातला, ग्रीक शब्द आहे 'मेटानोईया', म्हणजे मन पालटणं. त्यामागे जुन्या करारातला, म्हणजे येशूपूर्वीच्या भागातला, इब्री शब्द उभा आहे, 'शूव', माघारी फिरणं. जळणं वेगळं आणि घराकडे वळणं वेगळं.

हा फरक येशूला पकडलं त्या एकाच रात्रीत घडलेल्या त्याच्या दोन शिष्यांच्या गोष्टीतून लख्ख दिसतो. यहूदा इस्कर्योताने येशूला धरून दिलं. पेत्राने त्याला ओळखतच नाही म्हणून तीनदा सांगितलं. यहूदाला पुढे जळजळ झाली नाही असं कुणी समजू नये. त्याने तीस रुपये मंदिरात भिरकावले आणि आपण निर्दोष रक्ताचा घात केला असं तो स्वतः म्हणाला. पेत्रही हमसून रडला. ताप दोघांनाही झाला. यहूदा त्या तापातच एकटा जळून गेला. पेत्र मात्र बाकीच्यांजवळ राहिला, लाज घेऊन राहिला.

मग योहानाच्या शेवटच्या अध्यायात ती पहाट येते. रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतलेले शिष्य, आणि काठावर पुन्हा उठलेला येशू. त्याने विस्तव पेटवला आहे, त्यावर मासे, बाजूला भाकर. मुळात तो कोळशांचा विस्तव आहे, आणि त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द सबंध नव्या करारात दोनच ठिकाणी आला आहे. दुसरं ठिकाण म्हणजे प्रमुख याजकाचं अंगण, जिथे त्या थंडीच्या रात्री हात शेकत पेत्राने येशूला नाकारलं होतं. कोळशाचा तोच वास. आणि येशू विचारतो, "तू माझ्यावर प्रेम करतोस का?" एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुखावतो. जखम जिथे झाली तिथेच बोट लागल्यावर दुखणारच. पण येशू त्याला 'तू असं का केलंस' म्हणून एकदाही विचारत नाही. प्रत्येक उत्तरानंतर त्याच्यावर कळपाची जबाबदारी सोपवतो. मला सगळ्या बायबलमध्ये नव्या आयुष्याचं याहून खरं चित्र माहीत नाही. आधी न्याहारी, मग प्रश्न, मग काम.

या पेत्राच्या नव्या जन्माची तारीख कोणती? मासेमारी सोडून येशूमागे गेला तो दिवस, की येशूला तिसऱ्यांदा नाकारताच कोंबडा आरवला ती पहाट, की हा तळ्याकाठचा विस्तव?

एक गैरसमज नावांचा आहे. ख्रिस्ती होणं म्हणजे नाव, गाव, भाषा टाकून देणं असं आपल्याकडे अनेकांना वाटतं, आणि त्याला ख्रिस्ती लोकही थोडे जबाबदार आहेत. उदाहरण म्हणून पौलाकडे बोट दाखवतात: शौल होता, दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश दिसला आणि पौल झाला. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक वाचून पाहा. त्या प्रसंगात नाव बदललेलं नाही. हाक 'शौल, शौल' अशीच येते, आणि कितीतरी अध्यायांनंतर तेराव्या अध्यायात 'शौल, ज्याला पौलही म्हणतात' असा ओझरता उल्लेख येतो. बदललं ते त्याच्या चालण्याचं कारण. ज्या ख्रिस्ती लोकांना बांधून आणायला निघाला होता त्यांच्याच गावी तो आंधळा होऊन पोचला, आणि त्यांच्यातल्याच एकाने त्याला 'भाऊ' म्हटलं.

आपल्याकडे कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला. नाव तेच ठेवलं, अभंग आणि ओवी सोडली नाही, आणि आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट मात्र वेगळी आणि कितीतरी खडतर होती. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांचा संसार मोडला, चार-पाच वर्षं दोघं दूर राहिली. परत एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं वेगळं, चूल वेगळी. जातीभेद देवाने केला नाही, माणसाने केला, हे त्यांना त्यांच्या स्वतःच्या विचाराने पटलं तेव्हाच तो त्यांच्या मनातून गेला. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बाबतीत मन आधी पालटलं, पाणी नंतर आलं.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत उलट झालं. दुष्काळात आईवडील गमावलेली, पायी देश पालथा घातलेली, संस्कृतची गाढी विद्वान, तरुण वयात विधवा झालेली ही बाई 1883 साली इंग्लंडला गेली. वाँटेज इथल्या भगिनींच्या मठात राहिली. त्या भगिनी लंडनमध्ये वाट चुकलेल्या म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवत. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या चकित झाल्या. ज्या बायकांना समाज उंबऱ्याबाहेर उभं करतो त्यांना इथे मायेने वागवतात, हे का? त्यांनी विचारलं. एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या, भर दुपारी एकटीच पाण्याला आलेल्या त्या बाईपाशी येशू स्वतः पाणी मागतो. रमाबाईंच्या मनात तिथे काहीतरी हललं. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपायला हवी होती, नाही का? पण रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत प्रांजळपणे लिहिलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मत पटलं होतं, शिकवण आवडली होती, पण आतली अस्वस्थता गेली नव्हती. 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडलं, ते पुण्याला हलवलं, समाजाशी आणि मिशनऱ्यांशीही झगडल्या, आणि हे सगळं करत असताना आतून तहानलेल्याच राहिल्या. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या हाती पडलं. पाळक म्हणून काम करत असतानाच आपलं परिवर्तन कसं झालं, हे त्याने त्यात सांगितलं होतं. ते वाचून त्यांना आपलं दुखणं कळलं, आणि त्यांनी आपला सगळा भार ख्रिस्तावर टाकला.

ज्या बाईने ख्रिस्तासाठी एवढं सोसलं तिने 'मला तो अजून मिळालाच नव्हता' असं छापून सांगावं, याला केवढं धैर्य लागत असेल! आणि त्यानंतर काय झालं ते केडगावला जाऊन आजही पाहता येतं. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा तिथल्या रमाबाईंच्या 'मुक्ती' या आश्रमात राहिल्या. 1905 साली तिथे प्रार्थनेतून मोठं संजीवन घडलं, रात्रंदिवस मुली रडत, गात, पापं कबूल करत होत्या. लोक त्याचीच चर्चा जास्त करतात. मला त्यानंतरचे रोजचे दिवस अधिक महत्त्वाचे वाटतात: विणकाम, शेती, बायकांनीच चालवलेला छापखाना, आणि मूळ इब्री-ग्रीक शिकून रमाबाईंनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत केलेलं सबंध बायबलचं भाषांतर. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, त्याआधी ते काम हातावेगळं झालं होतं.

नवं जीवन सुरू झालं तरी माणसाला सगळं एकदम दिसू लागत नाही, हेही सांगायलाच हवं, कारण ते झाकलं तर ही सगळी चर्चा खोटी ठरेल. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी मार्च 1748 मध्ये भर समुद्रात वादळात सापडला. जहाज बुडायला आलं तेव्हा त्याच्या तोंडून देवाचं नाव निघालं. तो दिवस त्याने जन्मभर पाळला. म्हणजे त्याच्याकडे चोख तारीख होती. पण त्यानंतर तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. वर तो प्रार्थना करी आणि खाली साखळदंडांत माणसं कण्हत. 1754 साली त्याने समुद्र सोडला तो प्रकृतीमुळे. पुढे तो पाद्री झाला, देवाच्या अद्भुत कृपेवरचं त्याचं गीत आज जगभर गायलं जातं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लेखणी उचलली ती मात्र 1788 साली, वादळानंतर चाळीस वर्षांनी. आपण एके काळी या धंद्यात हात घातला होता याची शरम कायम राहील, असं त्याने त्यात लिहिलं. आणि वादळाच्या दिवसाबद्दलही तो सांगून गेला की त्या वेळी मी खऱ्या अर्थाने विश्वासणारा होतो असं मला म्हणवत नाही.

न्यूटनची गोष्ट मला अस्वस्थ करते. चाळीस वर्षं हा हिशेब त्या साखळदंडांतल्या माणसांना कोण समजावून सांगणार? कृपेने त्याला क्षमा मिळाली, हा माझा विश्वास आहे. पण आपल्या प्रार्थनेखालच्या तळघरात आज कोण कण्हतंय, हे विचारल्याशिवाय मला त्याचं गीत गाता येत नाही. यरीहोच्या जक्कयाला हे लवकर कळलं. येशू त्याच्या घरी जेवायला आला, आणि त्या जकातदाराने उभं राहून सांगितलं की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाला लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो. क्षमा मिळाली म्हणून त्याने वही उघडली. कुणाचं किती देणं आहे हे न पाहता 'देवाने मला माफ केलं' म्हणणारी साक्ष मला अपुरी वाटते.

मग सुरुवात कुठून करायची, असं कुणी विचारलं तर? प्रार्थनेतून, आणि तीही साध्या बोलीत. त्यासाठी खास शब्द लागत नाहीत. एखादं शुभवर्तमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावं, मार्काचं सगळ्यात छोटं आहे. एकट्याने फार काळ राहू नये. जन्म घरात होतो, आणि मंडळी हे ते घर, कितीही भांडणारं असलं तरी. ज्याचं बिघडवलं त्याच्याकडे जावं. पुन्हा पडलो तर पुन्हा उठावं. ख्रिस्ती माणसाचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं, हा प्रोटेस्टंट पंथाला चालना देणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या 1517 सालच्या पंचाण्णव विधानांतला पहिलाच मुद्दा होता. सगळं आयुष्य, म्हणजे रोजचं वळणं.

निकदेमाचं पुढे काय झालं, हे पुष्कळांना माहीत नसतं, कारण तिसऱ्या अध्यायात तो संवादाच्या मध्येच कुठेतरी विरून जातो. 'हे कसं शक्य आहे?' हे त्याचं शेवटचं वाक्य. त्याने मान डोलावली की नाही, हेही लिहिलेलं नाही. सातव्या अध्यायात तो पुन्हा दिसतो. धर्मसभा येशूला पकडायला निघाली आहे, आणि निकदेम चाचरत एवढंच विचारतो की ऐकून घेतल्याशिवाय आपलं शास्त्र कुणाला दोषी ठरवतं का? त्याला लगेच झिडकारलं जातं, 'तूही गालीलातला आहेस का?' तो गप्प बसतो.

नंतर वधस्तंभाचा शुक्रवार. बहुतेक शिष्य पळून गेले आहेत. दिवस मावळायच्या आत प्रेत उतरवायला हवं, आणि येशूचा छुपा शिष्य, अरिमथाईचा योसेफ, परवानगी घेऊन येतो. त्याच्याबरोबर निकदेम असतो. गंधरस आणि अगरू यांचं मिश्रण त्याने आणलेलं असतं, आजच्या मापाने तीसेक किलो, राजाला शोभेल इतकं. पूर्वी रात्री येशूकडे आलेला तोच हा, अशी त्याची ओळख योहान मुद्दाम पुन्हा करून देतो. या वेळी उजेड आहे, आणि धर्मसभेतल्या कुणीही पाहिलं तरी चालणार आहे. दोघं मिळून तो देह सुगंधी द्रव्यांसह तागाच्या कापडात गुंडाळतात.

या माणसाचा नवा जन्म कधी झाला, याची तारीख योहानाने कुठेही दिलेली नाही.